पेपर होण्याआधीच ‘गेला’ म्हणणारं डोकं: ताण कुठून वाढतो आणि तो कसा उतरवायचा

रिझल्ट लागतो. एकाच वर्गातल्या दोघांना एकाच विषयात केटी लागते, म्हणजे विषय राहतो, पेपर पुन्हा द्यावा लागतो. मार्कही सारखेच. एक जण म्हणतो, "चौथं युनिट ऑप्शनला टाकलं होतं, नेमकं तेच आलं." दुसरा म्हणतो, "आपल्याकडून डिग्री काही होत नाही." अहिराणीत हेच "माले जमाव नही" असं तीन शब्दांत संपतं. पुढच्या पंधरा दिवसांत पहिला जुने पेपर शोधत सीनियरच्या खोलीवर जातो. दुसऱ्याच्या बॅगेची चेनसुद्धा उघडत नाही. परीक्षेच्या आठवड्यात झोप कोणाची उडते ते वेगळं सांगायला नको.

ताण मार्कांमुळे येतो, हे खरंच आहे. पण तो किती येतो आणि किती दिवस मुक्काम ठोकतो, हे बरंचसं त्या एका वाक्यावर ठरतं. हे वाक्य पकडायचं कसं, उलगडायचं कसं आणि त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं, ते पुढे दिलं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजात शिकणाऱ्या, रोज एसटीने किंवा पॅसेंजरने येणाऱ्या, नाहीतर हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलामुलींना डोळ्यासमोर ठेवलं आहे. लागणारं सामान एवढंच: एक शंभर पानी वही, घड्याळ, मागच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका. वेळ रोज वीस मिनिटं, साधारण चार आठवडे.

"पॉझिटिव्ह राहा" हा सल्ला यात कुठेही सापडणार नाही. आरशासमोर "मी टॉपर होणार" म्हणणाऱ्याची पुढची चाचणी पडली की त्याचा त्या वाक्यावरचा विश्वास उडतो, आणि स्वतःवरचा थोडा आणखी उडतो.

आधी यंत्र समजून घ्या

१९६७ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले, जे त्यांनी काहीही केलं तरी थांबत नव्हते. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे ठेंगणा अडसर ओलांडला की झटक्यातून सुटका होत होती. त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी उडी मारलीच नाही, बसून राहिले. माणसाच्या बाबतीत गोष्ट जरा पुढची निघाली. १९७८ मध्ये अ‍ॅब्रमसन, सेलिगमन आणि टीसडेल यांनी मांडलं की अपयश आल्यावर माणूस त्याचं कारण शोधतो आणि त्या कारणाला तीन टोकं असतात. हे कोणामुळे झालं? हे किती काळ टिकणार? हे कुठवर पसरणार? "माझ्यामुळे, कायमचं, सगळीकडे" अशी उत्तरं देण्याची सवय लागली, की त्याला निराशावादी स्पष्टीकरणाची धाटणी म्हणतात.

पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मायर आणि सेलिगमन यांनीच आपल्या जुन्या निष्कर्षात दुरुस्ती केली. लांबलेल्या त्रासासमोर थंड पडून राहणं हे मुळातच मेंदूत असतं, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते "माझ्या हातात काही आहे" हे. पुढच्या सगळ्या पायऱ्या लहान लहान का ठेवल्या आहेत, त्याचं कारण हेच. हातात काही असल्याचा अनुभव भाषणाने येत नाही, छोट्या कामाने येतो.

आता ताणाची बाजू. लॅझरस आणि फोकमन यांच्या १९८४ च्या मांडणीनुसार मन दोन हिशेब करतं: समोर आहे त्यात माझं काही बिघडणार आहे का, आणि बिघडणार असेल तर मला ते निभावता येईल का. सेमिस्टर परीक्षेच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर सगळ्यांचं सारखंच, "हो". निराशेची धाटणी घाव घालते ती दुसऱ्यावर. जवळ वह्या आहेत, अठरा दिवस आहेत, विचारायला सीनियर आहे. पण हिशेबात हे काहीच धरलं जात नाही.

मग एक चक्र सुरू होतं, आणि त्यातला सगळ्यात कमी ओळखला जाणारा भाग असा: "येणार नाही" असं वाटणारा मुलगा अभ्यास सोडतोच असं नाही. तो स्वतःची परीक्षा घेणं सोडतो. पुस्तक मिटून "आता आठवून लिही" म्हटलं की चुका दिसतात आणि चुका त्या वाक्याला दुजोरा देतात, म्हणून तो तीच पानं पुन्हापुन्हा वाचतो, हायलायटर फिरवतो. वाचताना ओळखीचं वाटतं, बरं वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर मिटून आठवणारे पुढे गेले, आणि तेही चांगल्या फरकाने. परीक्षा आठवड्यानेच असते. म्हणजे तास मोजले तर अभ्यास भरपूर, पेपरात मात्र काही सुचत नाही, आणि "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणायला ते वाक्य तयारच असतं.

आधी निराशा की आधी ताण, असा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. दोन्ही एकमेकांना पोसतात. एका दिवशी प्रश्नावली भरून घेऊन दोन्ही सोबत आढळले, एवढ्यावरून कोण कोणामुळे हे ठरत नाही. मोजायचीच हौस असेल तर माणूस किती आशावादी, किती निराशावादी हे मोजणारी शायर आणि कार्व्हर यांची सुधारलेली दहा वाक्यांची चाचणी आहे. त्यात सहाच वाक्यांचे गुण धरतात, बाकी चार भरतीची, आणि बेरीज ० ते २४ मध्ये येते. पण आकडा काढून स्वतःला "निराशावादी" अशी पाटी लावून घेऊ नका. तीसुद्धा "कायमचं, सगळीकडे" याच जातीची पाटी.

पहिला आठवडा: वाक्य पकडा

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात घटना, दुसऱ्यात डोक्यात आलेलं वाक्य, तिसऱ्यात पुढच्या अर्ध्या तासात काय केलं ते. दिवसाला दोन नोंदी पुरेत. सात दिवसांत बारा-चौदा होतात.

नोंद अशी दिसते: "प्रॅक्टिकलला सरांनी व्हायव्हात विचारलं, आलं नाही / सगळ्यांसमोर इज्जत गेली, आता इंटर्नलला काही देत नाहीत / कॅन्टीनला बसलो, पुढचं लेक्चर बंक."

तिसरा रकाना टाळू नका. बहुतेक जण तिथे भावना लिहितात: वाईट वाटलं, टेन्शन आलं. ते नको. हातापायांनी काय केलं तेवढंच लिहा. वाक्यामुळे अभ्यासाचा किती वेळ जातो, हे इथेच दिसतं, आणि बऱ्याच जणांना आठवडा संपता संपता पहिला धक्का इथेच बसतो.

बिघडतं कुठे? एक तर रात्री एकदम लिहायला बसतात. तोवर सकाळचं वाक्य पुसट झालेलं असतं आणि त्या जागी रडगाणं उतरतं. दहा मिनिटांच्या आत लिहा. वही जवळ नसेल तर मोबाईलमध्ये एक ओळ टाकून ठेवा. दुसरं, भाषा. डोक्यात अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत किंवा भिलीत आलेलं वाक्य वहीत "मला न्यूनगंड जाणवला" असं होऊन उतरतं. जसं आलं तसं लिहा, शिवीसकट. पुस्तकी केलेलं वाक्य पुढे उलगडत नाही.

दुसरा आठवडा: तीन टोकं मोजा, मग प्रश्नपत्रिका समोर घ्या

प्रत्येक वाक्याला तीन आकडे द्या, १ ते ७. कोणामुळे: १ म्हणजे सगळं बाहेरच्यामुळे, ७ म्हणजे सगळं माझ्यामुळे. किती काळ: १ म्हणजे या वेळेपुरतं, ७ म्हणजे जन्मभर. कुठवर: १ म्हणजे एवढ्याच प्रश्नापुरतं, ७ म्हणजे आयुष्यातल्या सगळ्या गोष्टींत.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. पहिला आकडा खाली आणायचा, म्हणजे दोष सरांवर, पेपरवर, युनिव्हर्सिटीवर ढकलायचा, असं अनेकांना वाटतं. तसं करू नका. "मी चौथं युनिट सोडलं" यात दोष पूर्ण आपलाच आहे, आकडा ७, आणि तरी ते चांगलं वाक्य आहे, कारण पुढच्या वेळी चौथं युनिट करता येतं. लक्ष दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यावर ठेवा. ताण वाढवणारी वाक्यं तिथे ६-७ ला बसलेली असतात.

हे आकडे खाली आणायचे ते मनाची समजूत घालून नाही, पुरावा बघून. उदाहरण घेऊ. धडगावकडून नंदुरबारला बी.एस्सी.ला आलेली मुलगी, बारावीपर्यंत मराठी माध्यम. फिजिक्सच्या ६० मार्कांच्या पेपरात १७ मिळाले, पास व्हायला २४ हवे होते. वाक्य: "माझं डोकंच सायन्सचं नाही." दुसरा आकडा ७, तिसरा ६.

प्रश्नपत्रिका समोर ठेवून प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करायची: लिहिला, वेळ संपला म्हणून सुटला, येतच नव्हता. समजा बेरीज अशी आली: लिहिलेले प्रश्न ३० मार्कांचे, वेळ संपल्यामुळे सुटलेले १८ चे, न आलेले १२ चे. आता १७ हे ६० पैकी राहिले नाहीत, ३० पैकी झाले. म्हणजे जे लिहिलं त्यात ५७ टक्के. सुटलेल्या १८ मार्कांचं त्याच हिशेबाने लिहिता आलं असतं तर आणखी १० मिळून २७ झाले असते. पास.

म्हणजे मुद्दा डोक्याचा नाही, वेळेचा आहे. आणि वेळ कशात गेला? प्रत्येक वाक्य आधी मनात मराठीत जुळवायचं, मग इंग्रजीत करायचं, मग स्पेलिंगला अडायचं. याला इलाज आहे आणि तो कंटाळवाणा आहे. प्रत्येक युनिटमधल्या पाच व्याख्या आणि उत्तराची सुरुवात करायची ठरावीक इंग्रजी वाक्यं, अशी वीस वाक्यं काढायची आणि रोज घड्याळ लावून दहा मिनिटं हाताने लिहायची. तोंडपाठ असणं वेगळं, हाताला सवय असणं वेगळं. महिनाभराने किती ओळी वाढल्या ते मोजायचं.

वाक्य आता असं होतं: "इंग्रजीत लिहायचा माझा वेग कमी आहे, आणि बारा मार्कांचं एक युनिट कच्चं आहे." गोड काहीच नाही यात. पण दुसरा आकडा ७ वरून ३ वर आला, आणि उद्या सकाळी काय करायचं ते वाक्यातच लिहिलेलं आहे.

आपल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येत असेल तर मागवा. आठवणीवर केलेली बेरीज नेहमी आपल्या विरोधात जाते. अर्ज करायची मुदत थोडी असते, तेव्हा रिझल्ट लागला त्याच दिवशी ऑफिसात तारीख विचारून घ्या. मन सावरल्यावर विचारू म्हणाल, तर मुदत गेलेली असते.

खरी अडचण या हिशेबात टाकू नका

काही वाक्यं निराश वाटतात, पण ती नुसती बातमी असते. कापसाला भाव नाही, घरून या महिन्यात पैसे येणार नाहीत. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची स्कॉलरशिप अडकली आहे आणि कॉलेज फी मागतंय. शेवटची एसटी साडेसहाला जाते, म्हणून लायब्ररीत बसता येत नाही. यांना तीन आकडे देत बसणं म्हणजे पोराच्या डोक्याला दोष देऊन प्रश्न मिटवणं. अशा नोंदींपुढे गोल करा आणि त्या वेगळ्या पानावर न्या: कोणाला भेटायचं, कोणता कागद न्यायचा, कोणत्या वारी. फीचे हप्ते पाडून मागायचा अर्ज प्राचार्यांच्या नावे, अर्ध्या पानाचा, स्कॉलरशिपच्या अर्जाची पावती जोडून. एवढं केलं की ते पान बंद.

गफलत दोन्ही बाजूंनी होते. कुणी पैशाच्या अडचणीला "माझं नशीबच" म्हणतो, तर कुणी चौथं युनिट न करण्याला एसटीचं कारण देतो. एखादी नोंद कुठल्या पानावर जाते ते ठरत नसेल तर मित्राला दाखवा. दुसऱ्याची सबब आपल्याला लगेच दिसते.

तिसरा आठवडा: भीतीला आकडा मागा

"पेपर जाणार" हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही, कारण ‘जाणार’ म्हणजे किती, हे त्यात नाही. म्हणून त्याचं भाकीत बनवा. विषय, तारीख, आकडा आणि आपली खात्री: "गुरुवारच्या अकाउंट्सच्या चाचणीत २० पैकी ५ च्या खाली येतील, खात्री ८० टक्के." तारखेसकट लिहून पान दुमडा. निकाल लागला की शेजारी खरा आकडा लिहा. अशी दहा भाकितं झाल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका. फक्त चाचण्यांचीच नको: "सरांना शंका विचारली तर ते झिडकारतील", "आज बसलो तरी वीस मिनिटांत एक गणितही सुटणार नाही", अशीही घ्या. छोटी भाकितं लवकर पिकतात.

दहापैकी आठ वेळा ८० टक्क्यांची भीती खरी ठरली, तर तुमचा अंदाज चोख आहे. मग प्रश्न विचाराचा नाही, तयारीचा आहे; सरळ विषयाच्या शिक्षकांना गाठा. दोन-तीन वेळाच खरी ठरली, तर तुमच्या डोक्यातला काटा किती सरकलेला आहे हे तुमच्याच अक्षरात तुमच्यासमोर येतं. दुसऱ्या कोणी सांगून हे पटत नाही.

या पायरीवर फसवणूक होते ती यश मिळालं तेव्हा. २० पैकी १३ आले, की वाक्य येतं: "पेपर सोपा होता", "सरांनी हात सैल सोडला". अपयश माझं आणि कायमचं, यश मात्र पाहुणं. ही त्याच धाटणीची दुसरी बाजू आहे आणि पहिलीपेक्षा जास्त चिवट आहे. म्हणून चांगल्या निकालालाही तेच तीन आकडे द्यायचे, आणि त्या १३ मार्कांची तशीच प्रश्नवार फोड करायची. कोणत्या प्रश्नाला कोणत्या दिवशीचा अभ्यास कामी आला ते लिहा. पेपर खरंच सोपा असेल तर वर्गातल्या आणखी चौघांचे मार्क विचारा. सगळ्यांनाच १७-१८ असतील तर मान्य करा. नसतील तर ते १३ तुमचे.

टाळाटाळ मोडायची, ती वीस मिनिटांनी

हे काम पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. ज्या विषयाची धास्ती सर्वांत जास्त, त्याची वीस मिनिटं, दिवसात एकदा, आणि त्यातली शेवटची दहा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर. चुकलेलं लाल पेनाने दुरुस्त करा आणि उठा. "आज रंगलोय तर दोन तास बसतो" असं पहिल्या आठवड्यात करू नका. दुसऱ्या दिवशी मन दोन तासांचीच धास्ती घेतं आणि वीस मिनिटंही होत नाहीत.

"वेळ मिळाला की बसेन" असं ठरवलं की वेळ मिळत नाही. गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशी गाठ मारून ठेवली तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. गाठ रोज हमखास घडणाऱ्या गोष्टीशी मारा. एरंडोलहून जळगावला येता? "बस पाळधीला आली की वही मिटून कालचे पाच मुद्दे मनात म्हणायचे." हॉस्टेलला आहात? "मेसमधून ताट धुऊन आलो की चप्पल काढायच्या आधी टेबलावर कागद ठेवायचा." गाठ एकच मारा. चार मारल्या की चारही सुटतात.

बसायला घेतल्यावर वाक्य पुन्हा येणारच. हाकलू नका. कागदाच्या कोपऱ्यात लिहा, घड्याळ बघा, चालू ठेवा. ते आलं म्हणून थांबायचं नाही, एवढाच नियम.

कोणाची निराशा मोडू नये

काही मुलं आधीच सगळं वाईट धरून चालतात आणि तरी दरवर्षी डिस्टिंक्शन काढतात. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये यालाच बचावात्मक निराशावाद म्हटलं. ही माणसं काय काय बिघडू शकतं ते बारकाईने रंगवतात आणि मग प्रत्येक गोष्टीचा बंदोबस्त करतात. तीच त्यांची तयारी. त्यांना "काही होत नाही रे, चिल मार" म्हटलं तर त्यांची कामगिरी घसरते. आई-बापांनी आणि रूममेटनी हे ध्यानात ठेवावं.

तुम्ही त्यातले आहात का, हे वहीतला तिसरा रकाना सांगतो. भीती वाटल्यावर उठून काम केलं असेल तर ही निराशा कामाची. अंगावर पांघरूण ओढलं असेल तर ती दुसरी.

कामाची असेल तर तिला पंधरा मिनिटं आणि एक पान द्या. डावीकडे भीती, उजवीकडे एकच कृती. खान्देशात उन्हाळी परीक्षेचं पान साधारण असं भरतं. बस चुकली तर: एक गाडी आधीची पकडायची, रिक्षाचे शंभर रुपये वेगळे ठेवायचे. पारा ४४ वर, पेपर दुपारचा: डोक्याला रुमाल, दोन बाटल्या पाणी, अकरानंतर उन्हात फिरून "शेवटचं बघून घेऊ" करायचं नाही. रात्री लाईट गेली तर: अभ्यास पहाटे साडेपाच ते आठ, घर तापायच्या आत अवघड विषय उरकायचा. हॉल तिकीट: दोन झेरॉक्स, एक मित्राकडे. घामाने कागद ओला होतो: हातरुमाल आणि जाड निबचं पेन. पान भरलं की वही मिटायची. त्याच भीतीची तिसरी उजळणी तयारीत धरत नाहीत.

हॉलमध्ये

पहिला प्रश्न वाचून डोकं कोरं पडलं तर घाबरल्याचं ते लक्षण आहे, अभ्यास उडाल्याचं नाही. पेन खाली ठेवा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, दहा वेळा. शंभर सेकंद लागतात. मग पेपर शेवटच्या प्रश्नाकडून वाचत या आणि येणाऱ्या पहिल्या प्रश्नापासून सुरू करा. छाती धडधडणं तसंच राहिलं तरी चालेल. धडधडत्या छातीने पेपर लिहिता येतो. मिनिटं वाटून घ्या: ६० मार्क आणि दोन तास असतील तर मार्काला दोन मिनिटं, सहा मार्कांच्या प्रश्नाला बारा. बारा झाली की वाक्य अर्धं राहिलं तरी पुढे जायचं, मध्ये चार ओळी जागा सोडून.

पेपर सुटल्यावर गेटवर उत्तरं जुळवू नका. पुढचा पेपर परवा असतो.

घरच्यांनी, सरांनी, सीनियरनी काय बोलावं

"तू तर हुशार आहेस, एवढं काय टेन्शन घेतोस" हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं आणि उलटं बसतं. ऐकणाऱ्याला वाटतं, हुशार असून नापास झालो म्हणजे मग काहीच शिल्लक नाही. "काकांचा पोरगा बघ" याबद्दल न बोललेलं बरं. विचारायचंच असेल तर नेमकं विचारा: "भाऊ, कोणत्या प्रश्नाला अडलास? तो आता कोण शिकवेल?" शिक्षकांनी पेपर परत देताना "अभ्यास वाढवा" असा मोघम शेरा मारण्याऐवजी "पद्धत बरोबर, तिसऱ्या पायरीला चिन्ह चुकतं" एवढं लिहिलं तरी पोराच्या डोक्यातलं ‘कायमचं, सगळीकडे’ आपोआप लहान होतं.

सीनियर मात्र फार मोठं काम करू शकतात, तेही फुकट. विल्सन आणि लिनव्हिल यांनी १९८२ मध्ये पहिल्या वर्षाच्या काळजीत पडलेल्या विद्यार्थ्यांना एवढीच माहिती दिली, की पहिल्या वर्षी बऱ्याच जणांचे मार्क कमी पडतात आणि पुढे वाढतात. सोबत वरच्या वर्गातल्यांच्या मुलाखतींची चित्रफीत दाखवली. पुढे या विद्यार्थ्यांचे मार्क सुधारले आणि कॉलेज सोडणाऱ्यांचं प्रमाणही कमी राहिलं. हॉस्टेलला हे करायला एक संध्याकाळ पुरते. तिसऱ्या वर्षाच्या चार-पाच जणांनी पहिल्या सेमिस्टरची आणि आत्ताची अशा दोन मार्कशीट शेजारी ठेवाव्यात, आणि मधल्या काळात नेमकं काय बदललं ते सांगावं. अट एकच: कर्तबगारी गाजवायची नाही, केटी दाखवायची.

ही वही कुठे पुरत नाही

दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळपास रोज, कशातच मन लागत नाही, झोप किंवा भूक पार बिघडली आहे, आवडती माणसंही नकोशी झाली आहेत, असं असेल तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला उपचार लागतो. वहीतले आकडे ७ वरून हलतच नाहीत, ही त्याची एक खूण. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केसपेपर काढून मानसोपचाराच्या ओपीडीबद्दल विचारा. सोबत एक माणूस न्या.

"नसलेलं बरं", "संपवून टाकावं" असं वाक्य वहीत किंवा मित्राच्या बोलण्यात आलं, तर आठवड्याची वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मित्र असं बोलला तर "मरायचा विचार येतोय का?" असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. त्याला त्या रात्री एकटा झोपू देऊ नका. शेतकऱ्याचं घर असेल तर फवारणीचं औषध कुलपात आहे की नाही, ते घरच्या मोठ्यांना त्याच दिवशी विचारा.

चौथा आठवडा

नवीन काही नाही. पहिल्या आठवड्याची बारा वाक्यं पुन्हा काढा आणि मागचे आकडे झाकून त्यांना नव्याने तीन आकडे द्या. दुसरा आणि तिसरा आकडा दोन-दोनने जरी उतरला असेल तर रीत लागू पडली. पहिला आकडा होता तिथेच असेल तर काळजी करू नका, तो उतरवायचा नव्हताच. मग तिसरा रकाना तपासा: घटनेनंतरच्या अर्ध्या तासांपैकी किती अभ्यासाकडे वळले? आकडे उतरले आणि हा रकाना तसाच राहिला, असंही होतं. याचा अर्थ लिखाण सुधारलं, वागणं नाही. तेव्हा वाक्यांचं काम थांबवा आणि नुसती वीस मिनिटं धरून ठेवा. पुढचा रिझल्ट लागेपर्यंत वही रद्दीत देऊ नका. त्या दिवशी तिचं कोरं पान लागेल, तीन रकाने आधीच आखून ठेवलेलं.